सरकारी शाळेतल्या शिक्षकांसाठी उपक्रम निधी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे जिल्हा परिषद, पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका आणि जिल्ह्यातल्या नगरपरिषदा यांच्या शाळांमधल्या शिक्षकांना वर्गातल्या उपक्रमासाठी आमचा न्यास छोट्या रकमा देतो. शिक्षक, मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीतले पालक आणि देणगीदार जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर पैसे कोणत्या खात्यात येतात आणि अंदाजपत्रक कसं मांडायचं, एवढं तरी वाचा. चांगले अर्जही तिथेच अडकतात.

हा निधी नेमका कशासाठी?

एका वर्गातली एक अडचण आणि ती सोडवण्यासाठी त्या वर्गाच्या शिक्षकाला सुचलेला एक उपाय, एवढ्यासाठी. जोडाक्षरं न वाचता येणारी तिसरीची मुलं, हातचा घेताना अडखळणारी चौथी, सूर्यग्रहणाचं चित्र पाठ करून लिहिणारी सातवी. इमारत, रंगरंगोटी, प्रवेशद्वार, पेव्हर ब्लॉक यांसाठी दुसरे मार्ग आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने आणलेली दत्तक शाळा योजना तशा मोठ्या कामांसाठी आहे. शिक्षण मंत्रालयाच्या विद्यांजली पोर्टलवरही शाळेला आपली गरज नोंदवता येते.

शाळेला सरकारकडून अनुदान मिळतंच. मग वेगळा निधी कशाला?

समग्र शिक्षा योजनेतून पटसंख्येनुसार संयुक्त शाळा अनुदान मिळतं. ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये आणि १,००० च्या वर पट असेल तर १ लाख. त्यातली किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची असते. आता २२ पटाची दोनशिक्षकी वाडीशाळा धरा. १०,००० मधले १,००० स्वच्छतेला गेले, उरले ९,०००, म्हणजे महिन्याला ७५० रुपये. वीजबिल, नळाची तोटी, फळ्याचा रंग, कागद, खडू सगळं त्यातच. पूर्वी सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकाला साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये शिक्षक अनुदान मिळायचं. रक्कम लहान होती, पण ती कशावर खर्च करायची हे शिक्षक ठरवत असे. आता शिक्षकाच्या नावाचं असं स्वतंत्र अनुदान उरलेलं नाही आणि वर्गातला किरकोळ खर्च बाई-सर स्वतःच्या खिशातून करतात. आमचा निधी आहे तो ही फट बुजवायला. सरकारी अनुदान ज्यासाठी आलंय त्याच गोष्टीसाठी दुसऱ्यांदा पैसे आम्ही देत नाही.

अर्ज कोण करू शकतं?

स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळेत पहिली ते आठवीला शिकवणारे शिक्षक. माध्यम मराठी, उर्दू, कन्नड, इंग्रजी कोणतंही चालेल. कंत्राटी शिक्षकांनाही अर्ज करता येतो, मात्र त्याच शाळेतल्या एका कायम शिक्षकाची सही जोडीला लागते. खासगी अनुदानित आणि विनाअनुदानित शाळांचे अर्ज घेत नाही. शाळेचा यू-डायस क्रमांक अर्जावर हवाच. तो ११ अंकी असतो आणि पुणे जिल्ह्यातल्या शाळांचा २७२५ ने सुरू होतो. एक आकडा चुकला तर अर्ज दुसऱ्याच शाळेच्या नावावर चढतो.

किती रक्कम मिळते?

एका शिक्षकाला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत. दोन किंवा अधिक शिक्षक मिळून एकच उपक्रम करणार असतील तर २५,००० पर्यंत. ३,००० पर्यंतच्या छोट्या मागण्या वर्षभर स्वीकारतो आणि त्यांचा अर्ज एकाच पानाचा असतो. मोठी रक्कम मागितल्याने अर्जाचं वजन वाढत नाही. ४,२०० रुपयांचा नीट विचार केलेला अर्ज मर्यादेपर्यंत ताणलेल्या अर्जाच्या पुढे जातो.

पैसे थेट शिक्षकाच्या खात्यात का देत नाही? काम तर तेच करतात.

हा प्रश्न रास्त आहे. विश्वास नाही म्हणून असं करतो, असं अजिबात नाही. अडचण तिहेरी आहे.

पहिली गोष्ट नोकरीची. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना १९६७ चे जिल्हा सेवा वर्तणूक नियम लागू आहेत. परवानगीशिवाय बाहेरून भेट किंवा वर्गणी घेणं त्यात बसत नाही. उद्या कुणी तक्रार केली, तर हेतू कितीही चांगला असला तरी खुलासा शिक्षकालाच द्यावा लागतो.

दुसरी आयकराची. वैयक्तिक खात्यात आलेली रक्कम ही त्या व्यक्तीची जमा दिसते. ती शाळेसाठीच होती हे दाखवण्यासाठी बिलं सांभाळत बसावं लागतं.

तिसरी वस्तूंच्या मालकीची, आणि सगळ्यात जास्त भांडणं हिच्यावरूनच होतात. वैयक्तिक पैशातून आलेलं कपाट बदलीनंतर कुणाचं? शाळेच्या जडसंग्रह (टिकाऊ वस्तूंच्या) नोंदवहीत ते चढलं नसेल तर शिक्षक म्हणतात माझं आणि गावकरी म्हणतात शाळेचं.

म्हणून रक्कम शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात जाते, किंवा आम्ही विक्रेत्याला थेट पैसे देऊन साहित्य शाळेत पोचवतो. काय घ्यायचं, कुठल्या दुकानातून घ्यायचं आणि वर्गात कसं वापरायचं हे शिक्षकच ठरवतात. मंजुरीपत्रात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि समितीला शिक्षकाच्या संमतीशिवाय यादी बदलता येत नाही.

समितीचं कोणतं खातं द्यायचं?

समग्र शिक्षाचे पैसे ज्या खात्यातून खर्च होतात ते देऊ नका. ते योजनेच्या एकल नोडल खात्याला (राज्याच्या एका मुख्य खात्याला) जोडलेलं, शून्य शिलकीचं असतं. बाहेरची देणगी त्यात मिसळली तर हिशेबाचा गोंधळ होतो आणि लेखापरीक्षणात शेरा बसतो. शैक्षणिक उठाव किंवा लोकसहभागाचे पैसे ठेवण्यासाठी समितीचं वेगळं खातं असेल तर तेच द्या. नसेल तर उघडून घ्या. समितीचा ठराव, अध्यक्ष आणि मुख्याध्यापक या दोघांची ओळखपत्रं आणि संयुक्त सहीचं पत्र लागतं. समिती नव्याने निवडली गेली असेल तर बँकेत सह्या बदलल्यात का ते आधी बघा. जुन्या अध्यक्षांच्या सहीवर चेक परत येतो आणि खरेदीचा महिना हातचा जातो.

खातं उघडणं शक्यच नसेल तर अर्जात तसं लिहा. मग साहित्य आम्ही पोचवू. दोनशिक्षकी शाळांना हाच मार्ग सोपा पडतो.

समितीची मान्यता मिळवायला काय करायचं?

शिक्षण हक्क कायद्यानुसार समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असतात. समितीच्या बैठकीत उपक्रम दोन मिनिटांत सांगा, रक्कम सांगा आणि ठराव इतिवृत्तात लिहून घ्या. ठरावात शाळेचं नाव, उपक्रमाचं नाव, रक्कम, निधी न्यासाकडून येणार असल्याचा उल्लेख, सूचक आणि अनुमोदक एवढं असलं की पुरे. अर्जासोबत इतिवृत्ताच्या त्या पानाची शिक्का असलेली प्रत लागते. कोऱ्या कागदावर वेगळा टाइप केलेला ठराव आम्ही घेत नाही, कारण तो नोंदवहीत असतोच असं नाही.

वरिष्ठ कार्यालयाची परवानगी लागते का?

वर्गातल्या वर्गात साहित्य वापरायचं असेल तर मुख्याध्यापकांची सही आणि समितीचा ठराव आम्हाला पुरतो. केंद्रप्रमुखांना प्रत द्या. परवानगी म्हणून नव्हे, त्यांना आधी माहीत असलं तर शाळाभेटीत तुमचं काम नीट पाहिलं जातं. मुलांना शाळेबाहेर न्यायचं असेल, बाहेरची व्यक्ती नियमित वर्गात येणार असेल किंवा भिंतीत, वायरिंगमध्ये बदल असेल तर लेखी परवानगी आवश्यक आहे. जिल्हा परिषद शाळांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि महापालिका शाळांनी महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे जावं. सहलीची परवानगी आणि एसटीची शैक्षणिक सहलीची सवलत यांना वेळ लागतो. ते कागद हाती नसताना प्रवासाचा खर्च आम्ही मंजूर करत नाही.

अर्ज कधी करायचा? जुलैच का?

शाळा जूनच्या मध्याला सुरू होते. पहिले दोन-तीन आठवडे मुलांची पातळी बघण्यात जातात आणि अर्जासाठी तीच माहिती लागते. १ ते ३१ जुलै अर्ज, ऑगस्टमध्ये वाचन आणि शिक्षकांशी फोनवर बोलणं, ऑगस्टअखेर निकाल, सप्टेंबरमध्ये रक्कम. दिवाळीच्या सुट्टीआधी खरेदी संपली पाहिजे, म्हणजे दुसरं सत्र पूर्ण हाती येतं. हिशेब १५ फेब्रुवारीपर्यंत.

मार्च-एप्रिलमध्ये अर्ज घेतले तर उन्हाळी सुट्टीत होणाऱ्या बदल्यांमुळे शिक्षक एका शाळेत आणि साहित्य दुसऱ्या शाळेत, असं होतं. नोव्हेंबरमध्ये घेतले तर क्रीडा स्पर्धा, स्नेहसंमेलन, आणि निवडणूक असली तर निवडणुकीचं काम, यात साहित्याची खोकी उघडायलाच फेब्रुवारी उजाडतो. फेब्रुवारीच्या मुदतीबद्दल नाराजी असते हे आम्हाला ठाऊक आहे. पण शाळेचं वर्ष एप्रिलअखेर चालतं आणि न्यासाचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. धर्मादाय न्यासाला साधारणपणे उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम त्याच वर्षी खर्च करावी लागते, त्यामुळे बिलं मार्चच्या आत हाती येणं आम्हाला गरजेचं आहे.

अर्जात काय लिहायचं?

दोन पानं पुरतात. प्रस्तावनेत शैक्षणिक धोरण, एकविसावं शतक, सर्वांगीण विकास यांवर परिच्छेद नकोत, ते आम्ही वाचतही नाही. पहिल्याच ओळीत मुलं दिसू द्या.

कच्चा अर्ज असा असतो : "विद्यार्थ्यांमध्ये वाचनाची आवड निर्माण व्हावी यासाठी वाचनालय सुरू करणे." यावरून कुठली मुलं, किती, कुठे अडलीत, काही कळत नाही.

पक्का अर्ज असा : "तिसरीत ३४ मुलं. त्यातली ११ साधे शब्द वाचतात, पण जोडाक्षर आलं की थांबतात. ६ मुलं वीटभट्टीवरच्या कुटुंबातली आहेत आणि पावसाळ्यानंतर ती पुन्हा येतील. शाळेत पुस्तकं आहेत, पण ती पाचवीच्या वरची. रोज मधल्या सुट्टीनंतर २० मिनिटं जोडीने वाचन घेणार. डिसेंबरमध्ये तोच उतारा पुन्हा वाचायला देणार." एवढं वाचल्यावर आम्हाला अंदाजपत्रकाकडे जावंसं वाटतं.

चार गोष्टी आल्याच पाहिजेत : आज मुलं कुठे आहेत आणि ते कशावरून ठरवलं, तुम्ही वर्गात रोज किंवा आठवड्यातून किती वेळ काय करणार, साहित्य नेमकं कुठे लागणार, आणि बदल झाला की नाही हे कसं बघणार. मोजमाप साधंच ठेवा. सुरुवातीला आणि शेवटी तोच उतारा, तीच दहा गणितं. मुलांची नावं अर्जात लिहू नका, हजेरी क्रमांक पुरे.

भाषा शुद्ध-अशुद्ध कशीही चालेल. दुसऱ्या शाळेच्या अर्जाची नक्कल मात्र लगेच कळते, कारण पटसंख्या बदललेली असते आणि पुस्तकांची संख्या तीच राहिलेली असते.

अंदाजपत्रक कसं मांडायचं?

वस्तू, नग, दर, एकूण आणि "का" असे पाच रकाने. पाचवा रकाना गाळला तर फोन करून तेच विचारावं लागतं. ३० मुलांच्या वर्गातल्या वाचन कोपऱ्याचा नमुना बघा.

गोष्टीची पुस्तकं ९०, सरासरी ६० रुपयांप्रमाणे ५,४००. पारदर्शक कव्हरचा रोल आणि चिकटपट्टी ६००. भिंतीवर टांगायचे कापडी खिशांचे दोन फलक, ४५० प्रमाणे ९००. देवघेवीची वही आणि शिक्का २००. वाहतूक ४००. डिसेंबरमध्ये फाटलेली पुस्तकं बदलण्यासाठी ९००. एकूण ८,४०० रुपये.

९० पुस्तकं का? मुलांच्या तिप्पट पुस्तकं असली तर अदलाबदल फिरती राहते. एका मुलामागे एकच पुस्तक असेल तर दोन आठवड्यांत सगळी वाचून होतात आणि कोपरा ओस पडतो. त्यातली निम्मी पुस्तकं इयत्तेच्या एक पायरी खालची घ्या, ठसठशीत अक्षराची, एका पानावर दोन-तीन ओळींची. सगळी "चांगली" म्हणजे जाड पुस्तकं घेतली की ज्या मुलांसाठी हे सारं केलं तीच बाजूला राहतात. नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्सची मराठी पुस्तकं या दरात बसतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावरच्या गोष्टी मुक्त परवान्याच्या असल्याने छापूनही वापरता येतात. डिसेंबरचे ९०० रुपये पहिल्याच खरेदीत संपवू नका. पुस्तकं फाटणारच, ती फाटली म्हणजे वाचली गेली.

गणिताचं साहित्य मागण्याआधी शाळेतलं कपाट उघडा. शासनाने दिलेली गणित पेटी बऱ्याचदा आतच असते. नुसते काही सुटे भाग हरवलेले असतील तर तेवढेच मागा. चार मुलांत एक संच हे प्रमाण धरा. दहा मुलांत एक दिला तर दोघं हाताळतात आणि आठ बघत बसतात. शंभर मण्यांची माळ करायची असेल तर दर दहा मण्यांनी रंग बदला, नाहीतर दशक दिसत नाही.

राजगड, मुळशी, भोर, मावळ या पावसाच्या पट्ट्यात तक्ते आणि शब्दकार्डं बुरशीने जातात. लॅमिनेशन करून आणल्यावर कार्ड कागदाच्या कडेला लावून कापू नका. चारी बाजूंनी तीन-चार मिलिमीटर प्लॅस्टिकची कड सोडा. कड नसेल तर ओल आत शिरते आणि थर सुटतात.

कशासाठी निधी मिळत नाही?

शिक्षकाचं मानधन, भेटवस्तू, गणवेश, खाऊ, बक्षीस समारंभ, बॅनर, फलक. देणगीदाराच्या नावाची पाटीसुद्धा नाही. बाहेरून तज्ज्ञ बोलवायचा असेल तर त्यांचा प्रवासखर्च आणि साहित्य देतो. एकूण रकमेच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत त्याला मुभा आहे.

स्मार्ट टीव्ही किंवा टॅब का नाही?

कारण तो एका रकमेत संपत नाही. वीजजोडणी चालू हवी, बिलाची थकबाकी नको, इन्व्हर्टर हवा, त्याची बॅटरी काही वर्षांनी बदलायला हवी आणि दुरुस्तीला माणूस हवा. हे सगळं जिथे आहे तिथे बहुधा पडदाही असतो. जिथे नाही तिथे पडदा चोरीच्या भीतीने मुख्याध्यापकांच्या खोलीत बंद राहतो. आधीच असलेल्या टीव्हीसाठी स्पीकर, केबल, पेन ड्राइव्ह, व्होल्टेज स्टॅबिलायझर असल्या छोट्या मागण्या आम्ही आनंदाने मंजूर करतो.

अर्ज कोण तपासतं?

तीन वाचक. त्यात एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, एक सध्या दुसऱ्या तालुक्यात शिकवणारे शिक्षक आणि एक विश्वस्त. शाळेचं आणि शिक्षकाचं नाव झाकून अर्ज दिले जातात. १०० पैकी ४० गुण अडचणीच्या नेमकेपणाला, ३० वर्गातल्या कृतीला, २० अंदाजपत्रकाला आणि १० मोजमापाला. वाचकाच्या नात्यातला किंवा त्याच्याच शाळेतला अर्ज असेल तर तो वाचक बाजूला होतो.

नाकारला गेला तर कारण कळतं का?

कळतं, लेखी. नेहमीची कारणं सांगायची तर : अडचण पूर्ण शाळेची लिहिली पण साहित्य एका वर्गाचं, बेरीज चुकलेली, ठराव नाही, साहित्य पुरवठादाराच्या छापील यादीतून जसंच्या तसं उतरवलेलं. हे शेवटचं फार दिसतं. दुकानदाराने "शाळेसाठी तयार किट" म्हणून दिलेल्या यादीत निम्म्या वस्तू वर्गात लागत नाहीत. त्याच वर्षी अर्ज सुधारून पाठवायला सात दिवस मिळतात.

दरपत्रकं किती लागतात? बिल कसं हवं?

३,००० पर्यंत एकही दरपत्रक नको. त्यापुढे तीन, तुलनात्मक तक्त्यासह. तीनही दरपत्रकं एकाच अक्षरात आणि एकाच दिवशीची असली की आम्ही दुकानात फोन करतो. पुस्तकांना अपवाद आहे. छापील किंमत ठरलेली असल्याने फक्त सूट किती ते विचारून लिहा. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत शाळेचं पत्र दाखवल्यावर सूट मिळू शकते, विचारायला संकोच नको. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, तो बिलात लावलेला दिसला तर परत करा.

विज्ञानाच्या उपक्रमासाठी सेल, वायर, एलईडी, छोट्या मोटरी तपकीर गल्लीत आणि हातोडी-पक्कडसारखी हत्यारं बोहरी आळीत घाऊक दरात मिळतात. तिथली अडचण बिलाची. "एस्टिमेट" लिहिलेली चिठ्ठी म्हणजे बिल नव्हे. खरेदीआधीच सांगा की शाळेच्या नावाने पक्कं बिल हवंय. बिलावर दुकानाचं नाव-पत्ता, अनुक्रमांक, तारीख, वस्तूंची नावं, नग आणि दर असावेत. "शालेय साहित्य, एकूण ६,०००" अशी एका ओळीची बिलं परत येतात. लहान दुकानदाराला जीएसटी क्रमांक नसू शकतो, वस्तूविक्रीची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही. त्यांचा साधा, अनुक्रमांक असलेला कॅश मेमो चालतो. ५,००० च्या वर रोख दिल्याची पावती असेल तर १ रुपयाचं महसूल तिकीट लावून घ्या. एकाच दुकानाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख देऊ नका. आयकराच्या नियमानुसार तो खर्च न्यासाच्या हिशेबात धरता येत नाही.

वस्तू कुठे नोंदवायच्या?

टिकाऊ वस्तू म्हणजे कपाट, भिंगं, तराजू, स्पीकर या जडसंग्रह नोंदवहीत. पुस्तकं ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत. कागद, रंग, सेल असल्या संपणाऱ्या वस्तू साठा नोंदवहीत. नोंदीत "न्यासाकडून, उपक्रम निधी" असं लिहा आणि पान क्रमांक बिलाच्या मागे टाका. मोडलेली वस्तू गुपचूप फेकू नका, समितीच्या ठरावाने निर्लेखन करा, म्हणजे नोंदवहीतून रीतसर कमी करा. फाटलेल्या पुस्तकांचंही तसंच. मोडतोडीबद्दल आम्ही जाब विचारत नाही. पण हिशेब मागतील या धास्तीने साहित्य कपाटात ठेवू नका.

मध्येच बदली झाली तर?

साहित्य शाळेतच राहतं. पदभार देताना यादी आणि उपक्रम कसा चालवायचा याचं एक पान पुढच्या शिक्षकाला द्या. न खर्चलेली रक्कम नवे शिक्षक तोच उपक्रम चालवणार असतील तर त्यांच्याकडे जाते, नाहीतर परत. तुम्हाला नव्या शाळेत त्याच वर्षी ३,००० च्या छोट्या मागणीचा अर्ज करता येतो.

हिशेबाला काय काय लागतं?

मूळ बिलं शाळेत, सही-शिक्क्याच्या प्रती आमच्याकडे. कीर्दीतल्या संबंधित पानाची प्रत, अध्यक्ष आणि मुख्याध्यापकांच्या सहीचं उपयोगिता प्रमाणपत्र, सुरुवातीची आणि शेवटची नोंद यांचा तक्ता आणि शिक्षकाने लिहिलेलं एक पान. ५०० च्या आत शिल्लक असेल तर परत करू नका, वर्गासाठी खर्चून बिल जोडा. एका वस्तूऐवजी दुसरी घ्यायची असेल तर एकूण रकमेच्या १० टक्क्यांपर्यंत न विचारता घ्या, त्यापुढे व्हॉट्सॲपवर विचारलं तरी चालतं. उत्तर येईपर्यंत खरेदी करू नका.

उपक्रम फसला तर पैसे परत करावे लागतात?

नाही. साहित्य आणलं, वापरलं, आणि मुलांत फरक पडला नाही, तर तसंच लिहा. "सर्व विद्यार्थी प्रगत झाले" या वाक्याने आमचं काहीच काम होत नाही. ऊसतोडीच्या हंगामात दौंड-इंदापूरकडे मुलांची ये-जा चालू होती म्हणून जोडीचं वाचन मोडलं, असं कळलं तर पुढच्या वर्षी त्या भागात तिघांच्या गटाचा सल्ला देता येतो. असा अहवाल दिलेल्या शिक्षकाच्या पुढच्या अर्जावर परिणाम होत नाही.

मुलांचे फोटो पाठवायचे का?

साहित्याचे, फळ्याचे, वह्यांचे पाठवा. मुलांचे चेहरे दिसणारे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय नकोत. देणगीदाराने मागितले तरी नकोत. आमचे स्वयंसेवक वर्गात एकटे थांबत नाहीत, शिक्षक उपस्थित असतील तेव्हाच येतात.

निधी येतो कुठून?

तीन वाटांनी. पहिली म्हणजे वैयक्तिक देणग्या, बऱ्याचशा याच शाळांत शिकून गेलेल्यांच्या. दुसरी कायम निधीचं व्याज. कायम निधीसाठी देणगीदाराने तसं लेखी सांगावं लागतं आणि मुद्दल मोडता येत नाही. १० लाखांच्या ठेवीवर ७ टक्के व्याज धरलं तर वर्षाला ७०,०००, म्हणजे दहा-दहा हजारांचे सात उपक्रम. तिसरी कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी (सीएसआर). २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठराविक आकाराच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते. चाकण, रांजणगाव, हिंजवडीमुळे पुण्यात हा पैसा उपलब्ध आहे, पण कंपन्यांना एका ठिकाणी मोठं, दिसणारं काम आवडतं. ८,००० रुपयांचे पन्नास वाचन कोपरे त्यांच्या अहवालात बसवायचे म्हणजे कागदपत्रांचं काम आम्हालाच करावं लागतं.

करसवलत मिळते का? रोख चालते का?

आयकरातल्या ८०जी नोंदणीमुळे देणगीच्या ५० टक्के रकमेवर वजावट मिळते, उत्पन्नाशी बांधलेल्या मर्यादेत आणि फक्त जुन्या करप्रणालीत. २,००० च्या वर रोख दिली तर वजावट नाही. वस्तुरूप देणगीवरही नाही, त्यामुळे जुन्या पुस्तकांची ८०जी पावती मागू नका. पॅन द्यावाच लागतो, कारण वर्षअखेरीचं विवरणपत्र आणि तुमचं प्रमाणपत्र त्यावरच निघतं. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. बोलण्यात ८०जी अजून चालू आहे.

गुप्तदान करण्याची इच्छा आम्ही समजू शकतो. पण नाव-पत्ता नसलेल्या देणग्या १ लाख किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यातल्या मोठ्या रकमेच्या पलीकडे गेल्या की न्यासाला त्यावर ३० टक्के कर बसतो. नाव आम्हाला कळवा, बाहेर सांगणार नाही.

मुलगा अमेरिकेत आहे, त्याला देणगी द्यायची आहे.

पासपोर्ट कोणता आहे ते आधी विचारा. भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असूनही ती परदेशी देणगीच. त्यासाठी २०१० च्या परदेशी अंशदान कायद्याखालची नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेतलं खातं लागतं. आमच्याकडे ती नोंदणी नाही, म्हणून अशी रक्कम परत पाठवतो. ती आईवडिलांच्या खात्यातून फिरवून देण्याची सूचना कृपया करू नका.

माझी देणगी माझ्या गावच्या शाळेलाच द्यायची, असं सांगता येईल?

तालुका सांगता येतो, शाळा नाही. गावच्या शाळेत त्या वर्षी एकही अर्ज नसला तर पैसे पडून राहतात, आणि अर्ज असला तर तो नाव झाकून वाचण्याला अर्थ उरत नाही. शाळेलाच द्यायचं असेल तर समितीला थेट द्या आणि शाळेची पावती घ्या.

आमच्या तालुक्यात असा न्यास काढायचा आहे. कुठून सुरुवात करू?

नोंदणीपासून करू नका. पहिलं वर्ष आधीच नोंदणी असलेल्या एखाद्या संस्थेच्या खात्यातून पाच-सहा उपक्रम चालवून बघा. अर्ज वाचायला माणसं मिळतात का, फेब्रुवारीत हिशेब गोळा होतात का, हे तेव्हाच कळतं. मग न्यासपत्र, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली पुण्याच्या धर्मादाय कार्यालयात नोंदणी, पॅन, बँक खातं, आयकराची तात्पुरती नोंदणी, या क्रमाने. कंपन्यांकडून पैसे घ्यायचे असतील तर सीएसआर-१ नोंदणी त्यानंतर. दरवर्षी लेखापरीक्षण आलंच. विश्वस्त बदलला तर ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा असतो, आणि नव्या संस्था इथेच मागे पडतात. पाच वर्षांचे बदल अर्ज तुंबले की बँक नव्या विश्वस्तांच्या सह्या घेत नाही.

अर्ज हाताने लिहिलेला चालेल का?

चालेल. काळ्या किंवा निळ्या शाईने, एका बाजूला. मोबाइलवर फोटो काढून पाठवत असाल तर उजेडात, पान सपाट ठेवून, आणि ठरावाच्या पानावर शाळेचा गोल शिक्का पूर्ण दिसेल असा काढा. अंदाजपत्रकाचं पान वेगळं ठेवा, बेरीज दोनदा तपासा, आणि दुपारच्या सुट्टीत उचलता येईल असा फोन नंबर लिहा.